आठव्या खाड्याचे गणित

एक उदाहरण सोडवू या. एका जोडप्याने, म्हणजे ऊसतोडीच्या बोलीत एका कोयत्याने, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून एक लाखाची उचल (आगाऊ रक्कम) घेतली. जानेवारी २०२४ मध्ये ठरलेला तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये. जोडपे रोज दोन टन ऊस तोडते असे धरू. हंगाम दीडशे दिवसांचा. एखाद्या दिवशी फडात जाता आले नाही तर तो खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर दंड बसतो. दंड टोळीगणिक बदलतो. इथे हिशेबापुरता पाचशे रुपये धरू. किती खाड्यांपर्यंत उचल फिटेल?

कामाचे दिवस क्ष, खाडे य. क्ष + य = १५०. आणि ७३२ क्ष – ५०० य = १,००,०००. उत्तर सात. सात खाडे पडले तर उचल फिटून ११७६ रुपये उरतात. आठवा पडला की ५६ रुपये कमी पडतात, आणि ते ५६ रुपये माणसाला पुढच्या वर्षी पुन्हा मुकादमाच्या दारात उभे करतात. यात आठवड्याचा बाजार, दवाखाना, बैलांची पेंड काहीच धरलेले नाही.

'दोन चलांतील रेषीय समीकरणे' हे आपल्या मंडळाच्या दहावीच्या 'गणित भाग १' मधले पहिले प्रकरण. कोपीतली, म्हणजे तोडणीवाल्यांच्या झोपडीतली, बाई ते कागदाशिवाय सोडवते. तापाने फणफणलेल्या पोराला आज दवाखान्यात न्यायचे की उद्यावर ढकलायचे, हे ती आठव्या खाड्याकडे बघूनच ठरवते. पुढे काही वर्षांनी तेच पोर त्याच प्रकरणात नापास होते, आणि आपण म्हणतो, "जाऊ द्या, सगळ्यांनाच गणित झेपत नाही."

या 'जाऊ द्या'शी माझे भांडण आहे.

एक भोंगा, तीन बालपणे

हे भांडण जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरात उभे राहून केलेले बरे. महाकाळ्याजवळची ही साखर कारखान्याची वसाहत. कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखाना हे कारखान्याचे पूर्ण नाव. वसाहतीचे नावही त्याच व्यक्तीचे. १९७६ मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणाचे लोकार्पण झाले, २०८ किलोमीटरचा डावा कालवा जालना-परभणीच्या दिशेने वाहू लागला आणि गोदाकाठच्या या कोरडवाहू पट्ट्यात ऊस उभा राहिला. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गाळप, आणि गाळपामागून कोयता.

कुठल्याही साखर कारखान्याच्या भोवती तीन प्रकारची मुले वाढतात. एक, वसाहतीतली: केमिस्ट, फिटर, कारकून यांची. दुसरी, ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यांची. तिसरी, कोपीतली. तिघांच्याही घरी रात्री गणितच बोलले जाते. पहिल्याच्या घरी उताऱ्याचे, म्हणजे शंभर किलो उसातून किती किलो साखर निघाली त्याचे. दुसऱ्याच्या घरी एफआरपीचे, म्हणजे उसाच्या रास्त आणि किफायतशीर दराचे: २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यासाठी क्विंटलमागे ३५५ रुपये आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ४६ पैसे. तिसऱ्याच्या घरी उचलीचे. तिघांच्या कानावर भोंगा एकच पडतो. फरक इतकाच की पहिल्या दोघांचे शाळेचे वर्ष जून ते एप्रिल असते आणि तिसऱ्याचे दिवाळीला संपते.

त्यातही जालन्याची गंमत अशी, की हा जिल्हा कोयता बोलावतो आणि पाठवतोही. इथल्या कारखान्यांवर बाहेरच्या टोळ्या उतरतात, त्याच सुमारास इथल्या वाड्या-तांड्यांवरून दुसऱ्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. एका ट्रॅक्टरवर येणारे मूल आणि दुसऱ्या ट्रॅक्टरवर जाणारे मूल, दोघांच्या दप्तरात भागाकार अर्धाच असतो.

आता समतेच्या नावाने जे बोलले जाते ते एकेक करून पाहू. पूर्वपक्ष मांडताना त्याची ताकद कमी करणार नाही. दुबळा करून पाडलेला प्रतिपक्ष म्हणजे आपल्याच सावलीशी कुस्ती.

पहिला पूर्वपक्ष: उंबरठा खाली आणा

२०२४ साली राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यात एक तरतूद आली आणि ऑक्टोबरमध्ये तिच्यावरून गदारोळ झाला. दहावीला गणित किंवा विज्ञानात पस्तीसपेक्षा कमी पण किमान वीस गुण असतील, तर विद्यार्थ्याला उत्तीर्ण होऊन अकरावीला जाता यावे. मात्र पुढे गणित-विज्ञानावर आधारलेले शिक्षण घेता येणार नाही, असा शेरा गुणपत्रिकेवर असावा. नको असेल त्याने हा पर्याय नाकारून पुन्हा परीक्षेला बसावे. अंमल नव्या अभ्यासक्रमाबरोबर व्हायचा, असे तेव्हा सांगण्यात आले.

या तरतुदीमागचा विचार अगदीच पोकळ नाही. ज्याला पुढे इतिहास शिकायचा आहे, तबला शिकायचा आहे, दुकान चालवायचे आहे, त्याला त्रिकोणमितीच्या एका सूत्रापायी वर्षभर घरी का बसवायचे? दहावी नापास हा शिक्का गावाकडे मुलीच्या बाबतीत थेट लग्नाच्या बोलणीपर्यंत जातो. एका विषयाने आयुष्य अडू नये, हे म्हणणे मला शंभर टक्के मान्य आहे.

पण मग दार उघडून दिल्यावर त्याच हाताने दुसरे दार खिळे ठोकून बंद कशाला करायचे? मूल अकरावीला जाऊ द्यायचे असेल तर आपल्याकडे एटीकेटीची सोय आहेच. शेऱ्यात नवे काय असेल तर ते 'पुढे नाही' हे दोन शब्द. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडून ते आयुष्यभरासाठी लिहून घ्यायचे आणि त्याला 'पर्याय' म्हणायचे! हा पर्याय कोण निवडेल, याचे उत्तर द्यायला कुठल्याही सर्वेक्षणाची गरज नाही. केमिस्टचे मूल वीस गुणांवर थांबणार नाही. त्याची शिकवणी लागेल, ते जुलैत पुन्हा बसेल. थांबेल तो कोयत्याचा मुलगा आणि त्याच्याआधी कोयत्याची मुलगी. कारण पुन्हा बसायला जो वेळ आणि जो पैसा लागतो, तोच त्यांच्याकडे नसतो. कागदावर पर्याय सर्वांना सारखा. गावात तो एकाच बाजूला कलंडणार.

अशा समतेचा प्रयोग जगात झालेला आहे. अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराने २०१४ मध्ये आठवीतून बीजगणित काढून नववीत ढकलले. हेतू चांगला होता: लवकर बीजगणित घेणाऱ्यांत श्रीमंत आणि गोरी मुले जास्त, कृष्णवर्णीय आणि लॅटिनो कमी, तेव्हा सगळेच थांबू. पण ज्यांना परवडले त्यांनी बाहेरून शिकवणी लावून ती पायरी ओलांडली. वरच्या गणिताच्या वर्गांतली वंशावंशातली दरी कायम राहिली. शेवटी २०२४ मध्ये आठवीत बीजगणित परत आणायचे ठरले. पायरी काढून टाकली की ज्यांच्या घरी शिडी आहे त्यांचे काही बिघडत नाही, एवढाच त्याचा धडा.

याच अमेरिकेतला दुसरा माणूस आठवा. साठच्या दशकात मिसिसिपीत जिवावर उदार होऊन कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करणारे बॉब मोझेस. ऐंशीच्या दशकात त्यांनी 'अल्जिब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. मताचा अधिकार जसा नागरिकत्वाचा तसाच आता बीजगणिताचा, ही त्यांची भूमिका. मतदानासाठी लोकांना वाचनाच्या परीक्षा घालून अडवत, तेव्हा त्यांनी 'तुम्ही मतदान सोडा, तुम्हाला झेपणार नाही' असे सांगितले नाही. आणि बीजगणिताच्या बाबतीतही सांगितले नाही.

दुसरा पूर्वपक्ष: गणित रक्तातच असावे लागते

हे उघडपणे फार कमी जण बोलतात आणि मनातल्या मनात पुष्कळ जण मानतात. 'डोक्यात बसत नाही' हा शिक्षकांच्या खोलीतला लाडका वाक्प्रचार त्याचेच सौम्य रूप. जोडीला एक भरजरी दाखला असतो: लातूर पॅटर्न. "मराठवाड्यातलीच मुले ना ती? ज्यांच्यात असते ती येतात वर."

होय, आली वर, आणि त्याचा अभिमान वाटायला हवा. पण कळसाचा फोटो दाखवून पाया पक्का असल्याचे सिद्ध होत नाही. अकरावी विज्ञानाच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचलेल्यांपुढे लातूरने काय केले ते आपण बघतो. पाचवीतल्या अपूर्णांकापाशी हरवलेला त्या छायाचित्रात दिसतच नाही.

रक्ताच्या सिद्धान्ताला उत्तर आपल्याच राज्यात चाळीस वर्षांपूर्वी दिले गेले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. त्याचे पहिले प्रमुख वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या महापालिका शाळांतल्या वंचित घरांतील मुलांबरोबर काही वर्षे काम केले. त्यांनी मुलांची बुद्धी बदलली नाही, तसे करता येतही नाही. त्यांनी कोणत्या जागी मूल अडखळते ते शोधले, भाषेची अडचण दूर केली, प्रयोग हातात दिले, बोलायला आणि विचारायला लावले. दहावीपर्यंत पोहोचताना याच मुलांची कामगिरी ठळकपणे सुधारली. खानदेशात खिरोद्याच्या परिसरातल्या ग्रामीण शाळांतही या केंद्राने काम केले. जी गोष्ट तीन-चार वर्षांच्या नीट शिकवण्याने बदलते, तिला रक्त म्हणत नाहीत.

तिसरा पूर्वपक्ष: त्यांच्याकडे जीवनाची शाळा आहे

हा पूर्वपक्ष मायाळू आहे म्हणून अधिक घातक. "कशाला त्यांच्यावर पुस्तकी गणित लादता? ती मुले वाढ्याच्या पेंढ्या विकतात, मोळ्या मोजतात, वजनकाट्यावरचा आकडा पाठ करतात. व्यवहारात ती आपल्यापेक्षा हुशार आहेत." म्हणणाऱ्याच्या डोळ्यात पाणी असते आणि त्याची स्वतःची मुलगी जेईईच्या वर्गाला गेलेली असते.

या मुलांना हिशेब येतो हे खरेच आहे. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर नारळ विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून जग ते जाणते: बाजारात तोंडी अचूक हिशेब करणारे मूल तेच उदाहरण कागदावर आले की अडते. २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभ्यास आला. निष्कर्ष दुधारी आहे. बाजारातली मुले गुंतागुंतीचा व्यवहार मनात करत, पण शाळेच्या पद्धतीची साधी उदाहरणे त्यांना जमत नसत. आणि फक्त शाळेत जाणारी मुले वहीतले गणित बरे करत, पण बाजारातल्या हिशेबापुढे गोंधळत. एका बाजूचे ज्ञान दुसऱ्या बाजूला आपोआप जात नाही.

म्हणजे 'जीवनाची शाळा पुरे' हे म्हणणे पडले. त्याबरोबरच आपली नेहमीची शाळा पुरी आहे हा आपला समजही पडला. कोयत्याच्या मुलाला उचलीचे समीकरण येते, पण क्ष आणि य ही अक्षरे त्या समीकरणाचीच नावे आहेत हे त्याला कोणी सांगितलेले नाही. वसाहतीतल्या मुलाला क्ष आणि य येतात. त्या अक्षरांच्या मागे कोणाचा तरी आठवा खाडा असू शकतो, हे त्यालाही कोणी सांगितलेले नाही. अडाणी दोघेही राहिले, फक्त एकाच्या अडाणीपणाला गुण मिळतात.

चौथा पूर्वपक्ष: सेमी इंग्रजी आणि टॅब

सध्याचे सर्वांत लोकप्रिय औषध. गणित-विज्ञान इंग्रजीतून करा, वर्गात पडदा लावा, अटल टिंकरिंग लॅबला वीस लाखांपर्यंत अनुदान मिळते ते घ्या, त्रिमितीय छपाईयंत्र आणा; झाली समता.

इंग्रजीची ओढ मी हिणवणार नाही. गरीब पालकाला त्या भाषेत भाकरी दिसते आणि ती त्याला चुकीची दिसत नाही. पण ज्या मुलाची घरची बोली एक, शाळेची मराठी दुसरी, आणि हंगामात ज्या गावी जायचे तिथली कन्नड तिसरी, त्याला पाचवीत अपूर्णांक चौथ्या भाषेतून शिकवायचे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आणि आपली प्रमाण मराठी तरी कुठे निर्दोष आहे? 'प्रकाशसंश्लेषण', 'अपवर्तनांक', 'समच्छेद' हे शब्द कानाला सुंदर आहेत, पण समजावून न देता फेकले तर तेही परकेच. होमी भाभा केंद्रानेच विज्ञानाच्या पुस्तकातली भाषा सोपी करून पाहिली होती. विषय तोच ठेवला तरी मुलांची समज वाढली. म्हणजे निम्मी अडचण विज्ञानाची नव्हतीच, वाक्याची होती.

२०१९ मध्ये आपण या प्रश्नाचे काय केले ते आठवून पाहा. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक', 'बासष्ट'बरोबर 'साठ दोन' असे संख्यावाचन आले. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचे म्हणणे साधे होते: मराठीत एककाचा अंक आधी बोलतो आणि दशकाचा नंतर, लिहितो मात्र उलटे, वर जोडाक्षरे. लहान मुलाला हे जड जाते, तर दोन्ही पद्धती दाखवू या. त्यावर विधानसभेत विनोद झाले, समाजमाध्यमांवर भाषा बुडाल्याचे सुतक पाळले गेले. नारळीकरांशी मतभेद असू शकतात. माझेही थोडे आहेत, 'सदुसष्ट' हा शब्द मला हरवू द्यायचा नाही. पण 'सदुसष्ट' ऐकून ७६ लिहिणाऱ्या मुलाबद्दल त्या बोलत होत्या आणि आपण आपल्या बालपणाबद्दल बोलत होतो. घरी आजोबा पाढे म्हणून घेतात त्या मुलाला ती पद्धत लागणार नव्हती. ज्याचे आजोबा फडात होते त्याला लागणार होती. नारळीकर २०२३ मध्ये गेल्या. तो वाद जिंकल्याचे समाधान आपल्याकडे आहे आणि ते मूल अजून ७६ लिहिते आहे.

पाचवा पूर्वपक्ष: आई-बापच नेतात, शाळा काय करणार?

या स्थलांतरावर सरकार, समाज आणि संस्था अगदीच हातावर हात ठेवून बसले असे नाही. नव्वदच्या दशकापासून 'जनार्थ'सारख्या संस्थांनी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. गावातच मूल राहावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली. २०२१ मध्ये संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजना आली. स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसऱ्या शाळेत बसता यावे म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे. या प्रत्येकामागे कोणाची तरी खरी धडपड आहे.

तरीही आक्षेप उरतोच, आणि तो गणिताच्या स्वभावाशी जोडलेला आहे. या सगळ्या योजना मूल मोजतात: किती वसतिगृहात राहिली, किती दाखल झाली, किती परतली. गणित-विज्ञानाची हानी डोकी मोजून कळत नाही. शिवाजी महाराजांचा धडा चुकला तर पुढचा धडा समजतो. कवितेचे एक पान गळले तरी दुसरी कविता आवडू शकते. गणितात तसे नाही. समच्छेद चुकला की अपूर्णांकांची बेरीज अडते, ती अडली की गुणोत्तर, गुणोत्तर अडले की टक्केवारी, मग बीजगणित, आणि विज्ञानातली घनता, वेग, दाब ही सगळी गुणोत्तरेच. एक कडी निसटली की पुढची साखळी हातात राहून उपयोग नाही.

आता पाढा मांडा. चौथी ते आठवी पाच हंगाम, हंगामाचे पाच महिने: पंचवीस महिने. शाळेचे वर्ष दहा महिन्यांचे धरले तर ज्या मुलाचे सगळे हंगाम बुडाले, त्याची अडीच वर्षे गेली. तीही सलग गेली असती तर परवडले असते. ती दरवर्षी नेमकी दुसऱ्या सत्रात जातात. वयानुसार मूल मात्र नववीत बसते, आणि बुडालेली अडीच वर्षे ते शिकलेच आहे असे धरून पुस्तक त्याच्याशी बोलते. मग दहावीला पस्तीसऐवजी वीस पडतात. ते पंधरा गुण मुलाच्या डोक्यातून गळाले नाहीत, ते फडात पडले आहेत.

म्हणून मला वीस गुणांच्या त्या शेऱ्यात आणि मुकादमाच्या वहीत एकच अक्षर दिसते. खाडा कशाने पडला हे दोघेही विचारत नाहीत. दोघेही तो माणसाच्या नावावर चढवतात.

मंडन: खाडे फेडायचे कोणी?

माझा पक्ष एका वाक्यात सांगतो. गणित-विज्ञानातली समता म्हणजे बुडालेले दिवस मुलाला परत देणे. सूट देणे हे त्या दिवसांचे निर्लेखन आहे, आणि निर्लेखनात तोटा नेहमी गरिबाच्या पदरी येतो.

हे माझ्या मनचे नाही, कायद्यातच आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, शाळाबाह्य राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवले तर इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळणे हा त्याचा हक्क आहे. कायदा दाखल्यापाशी थांबलेला नाही, आपण थांबलो आहोत.

मग करायचे काय? पहिली गोष्ट फुकट आहे: पेरणीचे दिवस बदला. ज्या गावांतून कोयता जातो, तिथल्या शाळांत चौथी ते आठवीच्या गणितातल्या कड्या, म्हणजे भागाकार, अपूर्णांक, गुणोत्तर, ऋण संख्या, जून ते दिवाळीत घ्या. आकृत्या, चित्रालेख, मोजमापाचे उपक्रम दुसऱ्या सत्रात ठेवा; ते चुकले तरी भरून निघतात. पाऊस बघून तिफण धरणाऱ्या मुलखाला हे समजावून सांगायला नको.

दुसरी गोष्ट कागदाची. हमी पत्रकावर मुलाची इयत्ता असते. त्याच्या मागे चार ओळी लिहा: भागाकार दोन अंकी येतो, अपूर्णांकांची तुलना येते, बेरीज येत नाही. रोग्याबरोबर जसा केसपेपर जातो तसे हे जावे. पुढच्या शिक्षकाचा पहिला महिना अंदाजात जाणार नाही.

तिसरी, हंगाम संपून टोळ्या परतल्या की मार्च-एप्रिलपासून जूनपर्यंत जोडवर्ग. या वर्गाचा शिक्षक मानधनाविना राबवलेला नको आणि त्याचे काम पाठ्यपुस्तक 'संपवणे' नको. तुटलेली कडी शोधून जोडणे एवढेच.

चौथी गोष्ट विज्ञानाची, आणि इथे अंकुशनगरासारखी जागा मुंबई-पुण्याच्या शाळांना हेवा वाटावा अशी श्रीमंत आहे. साखर कारखाना म्हणजे आठवी ते दहावीचे अर्धे विज्ञान यंत्रांत उभे केलेले. रसात चुन्याचे दूध घालतात तिथे आम्ल-आम्लारी. गंधकाचा धूर सोडतात तिथे विरंजन. व्हॅक्यूम पॅनमध्ये हवेचा दाब कमी करून पाक कमी तापमानाला उकळवतात, म्हणजे साखर करपत नाही. उत्कलनांक दाबावर अवलंबून असतो हे त्या एका भांड्यापुढे जेवढे कळेल तेवढे फळ्यापुढे कळणार नाही. सेंट्रिफ्यूगलमध्ये मळी आणि साखर वेगळी होते तिथे वर्तुळाकार गती. रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स वाचतात तिथे अपवर्तन. चिपाडावर वीज होते तिथे ऊर्जेचे रूपांतर. आणि तोडलेला ऊस गाडीत रांगेत उभा राहिला की वजन घटते, हे तर कोयत्याच्या मुलाला पुस्तकाआधी माहीत असते, कारण मजुरी वजनावर असते. बाष्पीभवन आणि साखरेचे विघटन या दोन धड्यांसाठी त्याच्यापेक्षा चांगला साक्षीदार वर्गात नाही. त्या दिवशी वर्गात शिक्षकाने पहिला प्रश्न त्याला विचारावा.

हे भाबडे वाटत असेल तर शेजारच्या मध्य प्रदेशाकडे पाहावे. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रुरल सेंटर या संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ ग्रामीण शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू केले. पुढे 'एकलव्य'ने तो कार्यक्रम वाढवला आणि तो शेकडो सरकारी शाळांत पोहोचला. साध्या, स्वस्त साहित्यातून प्रयोग, आणि परीक्षा पुस्तक उघडे ठेवून. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. मुले कमी पडली म्हणून नव्हे. तीस वर्षे टिकलेली गोष्ट सरकारी हुकुमानेही बंद होते, एवढेच त्यातून शिकावे.

पाचवी गोष्ट मुलींची. कोपीत धाकट्याला सांभाळायला राहते ती मोठी बहीण. भावाचा एक हंगाम बुडतो तिथे तिचे दोन. पाचवी ते बारावीच्या ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास आहे, पण विज्ञान शाखेचे प्रात्यक्षिक दुपारी असेल आणि गावची शेवटची गाडी चारला सुटत असेल, तर त्या पासाने प्रयोगशाळा गाठता येत नाही. वेळापत्रक हेही अभ्यासक्रमाचाच भाग आहे, हे प्राचार्यांनी आणि आगारप्रमुखांनी एका टेबलावर बसून मान्य करायला हवे.

आणि शेवटची, शेऱ्याबद्दल. एका विषयापायी कोणाला अडवू नका. जाऊ द्या अकरावीला. पण गुणपत्रिकेवर 'पुढे नाही' लिहू नका. दोन वर्षांनी, दहा वर्षांनी, लग्नानंतर, एखाद्या बाईला वाटले की गणित पुरे करून तंत्रनिकेतनाला जावे, तर दार तिथेच असावे आणि कडी आतून लावलेली नसावी.

खर्चाचे काय, हा प्रश्न येणार. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी याच प्रश्नाला तोंड दिले होते. वरच्या थरांना शिकवा, ज्ञान खाली झिरपेल, असे सरकारचे धोरण होते. फुले म्हणाले, कर शेतकरी भरतो आणि शाळा त्याच्या मुलापर्यंत येत नाही. प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, आणि त्यात वाचन-लेखनाबरोबर हिशेब आणि शेतीचे ज्ञान असू द्या. मराठवाड्यात निजामाची राजवट संपून दोन वर्षे होत नाहीत तोच, १९५० मध्ये, बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले ते कलेबरोबर विज्ञानाचेही. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते त्यांच्या मुलांसाठी त्यांनी 'सोपे तेवढे' निवडले नाही. ज्ञान झिरपत येत नाही हे दोघांना माहीत होते. जायकवाडीचे पाणीसुद्धा झिरपत आले नाही; कालवा खणावा लागला.

टोळी परतली की मूल वर्गाच्या दारात उभे राहते. आपल्या शाळांत त्याला पहिला प्रश्न असतो: "इतके दिवस होतास कुठे?" तो प्रश्न मुकादमाचा आहे. शिक्षकाचा प्रश्न वेगळा असतो: "भागाकार कुठपर्यंत आला होता?"